'अंधभक्त' : शब्दामागची पार्श्वभूमी आणि गोव्याचा अनुभव

'अंधभक्त' हा शब्द हिंदी समाजमाध्यमांतून आला आणि म्हापसा-फोंड्याच्या मराठी बोलण्यात रुळला. आधी नुसतं 'भक्त' होतं. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या आगेमागे नरेंद्र मोदींच्या समर्थकांना विरोधक तसं हिणवू लागले. काही समर्थकांनी ते बिरुद म्हणून मिरवलंही. पुढे 'अंध' जोडलं गेलं आणि शब्दाची शिवी झाली. पलीकडून 'चमचे', 'गुलाम' होतेच.

या लाटेतला एक कळीचा दिवस गोव्यातलाच. ९ जून २०१३ रोजी पणजीत भाजपच्या राष्ट्रीय कार्यकारिणीच्या बैठकीत मोदींकडे निवडणूक प्रचाराची सूत्रं आली. लालकृष्ण अडवाणी बैठकीला फिरकले नाहीत आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पक्षाच्या पदांचे राजीनामे दिले. ते नंतर मागे घेतले.

शब्द नवा असला तरी दुखणं जुनं आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडेच नेते. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी 'इंदिरा म्हणजेच इंडिया' म्हटलं, तेव्हा तो इशारा किती नेमका होता ते देशाने आणीबाणीत पाहिलं.

गोव्यात नेत्यावरचा जीव सगळ्यात जास्त दिसला तो पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या वाट्याला. मुक्तीनंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, डिसेंबर १९६३ मध्ये, त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष सत्तेवर आला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला १९६४ च्या कायद्याने आधार मिळाला, गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या घरात अक्षर शिरलं नव्हतं तिथलं पोर पाटी घेऊन निघालं. त्या घराने भाऊंचा फोटो भिंतीवर लावला, तर त्याला आंधळेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि याच गोव्याने भाऊंना नकारही दिला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश (केंद्रशासित) राहायचं, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. भाऊंना हव्या असलेल्या विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेशाची दोन पानं. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांचं सरकार आधीच पायउतार झालं होतं. 'गोमन्तक' फुलाच्या बाजूने लिहीत होता, मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधात, आणि दोन्ही दैनिकं मराठी. 'राष्ट्रमत'मधलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदरही मराठीतच. मराठी वाचणाऱ्याला दोन्ही बाजू रोज सकाळी हातात मिळत होत्या, ही मला त्या काळाची मोठी मिळकत वाटते. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. भाऊंनी जिवाचं रान केलेला मुद्दा हरला. तरी काही महिन्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत गोव्याने पुन्हा मगोलाच सत्ता दिली आणि भाऊ परत मुख्यमंत्री झाले. माणूस हवा, पण त्याचा हा निर्णय नको, हे लोकांनी मतपेटीतून वेगवेगळं सांगितलं.

अलीकडचा दाखला २०१६ चा. इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांचं अनुदान बंद करा, या मागणीवरून गोव्याचे संघप्रमुख सुभाष वेलिंगकर स्वतःच्याच विचारांच्या भाजप सरकारविरुद्ध उभे राहिले. ऑगस्टअखेर त्यांना पदावरून दूर केलं, तेव्हा शेकडो स्वयंसेवक त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडले. ज्यांना सरसकट 'भक्त' म्हटलं जातं त्यांच्यातलीच ही माणसं. त्यांची मागणी पटो न पटो, वर्षानुवर्षांची शाखा आणि मैत्र पणाला लावून ती बोलली. त्यांनी काढलेल्या गोवा सुरक्षा मंचाला २०१७ च्या निवडणुकीत एकही जागा मिळाली नाही. भाजप २१ वरून १३ वर आला, तरीही मनोहर पर्रीकरांनी इतर पक्षांना सोबत घेऊन सरकार बनवलं.