नेटवर्क ट्रान्सीव्हर

नेटवर्क ट्रान्सीव्हर : स्विच (नेटवर्कमधली उपकरणे एकमेकांना जोडणारी पेटी), राउटर वा सर्व्हरच्या आतले विद्युत संकेत केबलवर धाडणारा आणि केबलवरून आलेले संकेत पुन्हा आत घेणारा भाग. पाठवणारा ट्रान्समीटर आणि घेणारा रिसीव्हर एकाच डबीत असतात, म्हणून दोन्ही शब्द सांधून हे नाव झाले. तांब्याच्या तारेसाठी ट्रान्सीव्हर असतो, बिनतारी संपर्कासाठीही असतो. पण नेटवर्कच्या कामात नुसते ‘ट्रान्सीव्हर’ किंवा ‘मॉड्यूल’ म्हटले की बहुधा स्विचच्या खाचेत सरकवायची बोटभर लांबीची धातूची डबीच अभिप्रेत असते. तिच्या तोंडाशी प्रकाशीय तंतू, म्हणजे फायबर, जोडले जाते. ही नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे.

इतिहास : इथरनेटच्या, म्हणजे संगणक केबलने एकमेकांना जोडण्याच्या पद्धतीच्या, पहिल्या पिढीत ट्रान्सीव्हर ही वेगळीच पेटी होती. करंगळीएवढ्या जाड कोॲक्शियल केबलवर ती चिमट्यासारखी बसवत. तिची सुई आवरण भेदून मधल्या तारेला टेके, आणि तिथून संगणकापर्यंत जास्तीत जास्त ५० मीटरची दुसरी केबल येई. या जोडणीला ‘व्हॅम्पायर टॅप’ म्हणत, आणि ते नाव चपखल होते. दोन जोडण्यांमध्ये २.५ मीटरच्या पटीत अंतर ठेवावे लागे, म्हणून केबलवर तेवढ्या अंतराने खुणा छापलेल्या असत. पुढे पीळ दिलेल्या जोडतारा आल्या, ट्रान्सीव्हर नेटवर्क कार्डावरच्या चिपमध्ये गेला आणि दिसेनासा झाला.

फायबरने त्याला पुन्हा बाहेर काढले. जोडतारांची हद्द साधारण १०० मीटर ठरलेली. फायबर मात्र शेजारच्या रॅकपर्यंतही (उपकरणांच्या कपाटापर्यंतही) जाते आणि ८० किलोमीटरवरच्या केंद्रापर्यंतही. या दोन्ही कामांना एकच लेसर चालत नाही. तो स्विचमध्ये कायमचा बसवला, तर प्रत्येक अंतरासाठी निराळा स्विच बनवावा लागेल. त्यापेक्षा खाच रिकामी ठेवावी आणि घेणाऱ्याने हवा तो लेसर त्यात सरकवावा, हे सोयीचे. आधी जीबीआयसी नावाची मोठी डबी आली. मग अनेक उत्पादकांनी मिळून माप ठरवले आणि २००१ मध्ये एसएफपी या छोट्या डबीचा मसुदा पक्का झाला. ते माप अजून टिकून आहे.

रचना व कार्य : एसएफपी १३.४ मिमी. रुंद, ८.५ मिमी. उंच आणि ५६.५ मिमी. लांब असतो. पुढे एलसी प्रकारच्या कनेक्टरसाठी दोन भोके, बाहेर ओढण्यासाठी एक कडी, आणि मागच्या कडेला २० सोनेरी पट्ट्या. या पट्ट्या मुद्दाम कमीजास्त लांबीच्या ठेवलेल्या असतात : डबी आत सरकताना आधी ग्राउंड टेकतो, मग वीजपुरवठा, शेवटी संकेत. चालू स्विचमध्ये ती बेधडक घालता-काढता येते ती या एवढ्याशा युक्तीमुळे.

आत दोन वाटा असतात. जाणाऱ्या वाटेवर एक चालक परिपथ लेसरचा प्रवाह कमीजास्त करतो. लेसर विझवून पुन्हा पेटवण्यात वेळ जातो, म्हणून त्याला पूर्ण विझवत नाहीत. शून्यासाठी मंद, एकासाठी प्रखर ठेवतात. सेकंदाला १० गिगाबिट (अब्ज बिट) वेगाच्या मॉड्यूलमध्ये, जोडीच्या पूरक बिटांसह, हा खेळ सेकंदाला १०.३ अब्ज वेळा चालतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे तंतूमधल्या एका बिटची ‘लांबी’ जेमतेम २ सेंटिमीटर भरते, आणि १० किलोमीटरच्या तंतूत कोणत्याही क्षणी पाच लाखांहून जास्त बिट वाटेत असतात. येणाऱ्या वाटेवर फोटोडायोड प्रकाशाचा अगदी क्षीण प्रवाह करतो, प्रवर्धक तो वाढवतो आणि पुढचा परिपथ ‘हा शून्य, हा एक’ असा निवाडा करतो. लांब पल्ल्याच्या मॉड्यूलमध्ये साध्या फोटोडायोडऐवजी जास्त संवेदनशील ॲव्हलांश फोटोडायोड असतो.

ही सगळी डबी पाठवते काय, याचा अर्थ तिला कळत नाही. पत्ते, पॅकेट, पासवर्ड हे सारे स्विचचे काम.

तंतू व तरंगलांबी : तंतू दोन जातींचे. मल्टिमोड तंतूचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा, सिंगलमोडचा सुमारे ९ मायक्रॉनचा. बाहेरची काच दोन्हींची १२५ मायक्रॉन. मल्टिमोडच्या रुंद गाभ्यात प्रकाश अनेक वाटांनी जातो, काही किरण आधी पोचतात, काही रेंगाळतात आणि बिट एकमेकांत मिसळू लागतात. म्हणून त्याचा पल्ला कमी, पण रुंद गाभ्यात प्रकाश सोडणे सोपे असल्याने ८५० नॅनोमीटरचा स्वस्त लेसर पुरतो. १०जीबेस-एसआर हे १० गिगाबिटचे मॉड्यूल ओएम३ या दर्जाच्या मल्टिमोड तंतूवर ३०० मीटर आणि ओएम४ वर ४०० मीटर जाते. सिंगलमोडमध्ये वाट एकच. तिथे १३१० नॅनोमीटरचे एलआर १० किलोमीटरपर्यंत, १५५० नॅनोमीटरचे ईआर ४० आणि झेडआर ८० किलोमीटरपर्यंत. केबलचे पिवळे आवरण सहसा सिंगलमोडचे, नारिंगी वा फिकट निळसर हिरवे मल्टिमोडचे. रंगावर विसंबू मात्र नये. आवरणावर छापलेली ओळ वाचावी.

निवड : खरेदी करणारा बहुधा वेग सांगून सुरुवात करतो, आणि चुकीला सुरुवात तिथेच होते. ट्रान्सीव्हर कधी एकटा निवडायचा नसतो. पलीकडच्या टोकाचा जोडीदार आणि दोघांमधला तंतू मिळून एक वस्तू होते. जमिनीत पुरलेला तंतू बदलणे सर्वांत कठीण, म्हणून विचार त्याच्यापासून सुरू करावा : जात कोणती, अंतर किती, वाटेत जोड किती.

मग प्रकाशाचा हिशेब. शक्ती डीबीएममध्ये मोजतात. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. १०जीबेस-एलआर मॉड्यूलने किमान उणे ८.२ डीबीएम सोडलेच पाहिजे, आणि उणे १४.४ डीबीएम पोचले तरी पलीकडच्याला ते वाचता आले पाहिजे, असे मानक सांगते. म्हणजे वाटेत ६.२ डीबी (डेसिबल) गळती चालते. समजा तंतू ६ किलोमीटरचा आहे. दर किलोमीटरला ०.३५ प्रमाणे २.१ गेले. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.५ धरला तर २. वितळवून केलेले सहा जोड, म्हणजे स्प्लाइस, प्रत्येकी ०.१ प्रमाणे ०.६. एकूण ४.७, शिल्लक १.५. हे चालेल. पण मधल्या पॅच पॅनेलमध्ये (तंतू जोडण्याच्या फळीत) आणखी तीन जोडण्या वाढल्या की शिल्लक संपली. कागदावरचे ‘१० किलोमीटर’ हे अंतर असे सहा किलोमीटरवरही अपुरे पडू शकते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची, आणि तिचा विसर जास्त वेळा पडतो. ‘लांब पल्ल्याचे घेतले की जवळचेही भागेल’ हे गणित फायबरमध्ये चालत नाही. झेडआर मॉड्यूल ० ते ४ डीबीएम सोडते, तर त्याच्याच रिसीव्हरला उणे ७ पेक्षा जास्त सोसत नाही. टेबलावर दोन मीटरच्या पॅच कॉर्डने दोन झेडआर जोडून पाहिले तर रिसीव्हर आंधळा होतो किंवा जळतोही. चाचणी करायचीच तर मध्ये प्रकाश मंद करणारा अटेन्युएटर घालावा.

एकाच रॅकमध्ये काही मीटरच जायचे असेल तर लेसर हवाच कशाला? दोन्ही टोकांना मॉड्यूलच्या आकाराचे तोंड असलेली तांब्याची डीएसी केबल स्वस्त पडते, वीज नगण्य खाते आणि बिघडण्यासारखे तिच्यात फारसे नसते. आरजे-४५ तोंडाचे, म्हणजे नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल लावायचे, १० गिगाबिटचे मॉड्यूलही मिळते, पण ते बरेच तापते आणि त्याचा पल्ला सहसा ३० मीटरच असतो. शेजारशेजारच्या खाचांत ती दाटीने बसवू नयेत.

वेग आणि खाच यांचे नाते असे : एसएफपी १ गिगाबिट, एसएफपी+ १०, एसएफपी२८ २५. तिघांचे माप एकच. १ गिगाबिटचे मॉड्यूल एसएफपी+ खाचेत बऱ्याचदा चालते. १० चे मॉड्यूल १ च्या खाचेत बसते, पण चालत नाही. क्यूएसएफपी+ मध्ये १० गिगाबिटच्या चार वाटा मिळून ४०, क्यूएसएफपी२८ मध्ये २५ च्या चार मिळून १००; म्हणूनच अशा एका पोर्टाचे केबलने चार छोट्या पोर्टांत विभाजन करता येते. ४०० गिगाबिटच्या मॉड्यूलमध्ये प्रखर आणि मंद या दोनच पातळ्या पुरेनाशा होतात. तिथे चार पातळ्या वापरून प्रत्येक स्पंदनात दोन बिट भरतात. पातळ्या जवळ आल्याने चुका वाढतात, त्या निस्तरायला चूकदुरुस्ती चालू ठेवावी लागते, आणि ती दोन्ही टोकांना सारखीच असावी लागते.

तंतू अपुरे असतील तर बायडाय मॉड्यूल एकाच तंतूवर जातायेता दोन तरंगलांबी वापरते. याची जोडी उलटसुलट हवी : एक १२७० वर पाठवून १३३० वर घेणारे, दुसरे १३३० वर पाठवून १२७० वर घेणारे. सुटे मॉड्यूल राखीव ठेवायचे तर दोन्ही प्रकारचे ठेवावे. एकाच प्रकारची दोन आणून ठेवणे हा नेहमीचा घोळ.

मॉड्यूलच्या आत एक छोटी स्मृती असते. तीत उत्पादक, प्रकार, अनुक्रमांक लिहिलेले असतात. काही स्विच ते वाचून परक्या उत्पादकाचे मॉड्यूल नाकारतात. बव्हंशी हे व्यापारी कुंपण आहे. आतला लेसर तसाच असू शकतो. तरीही घेण्याआधी आपल्या स्विचशी जुळणी तपासावी. उन्हात तापणाऱ्या खांबावरच्या पेटीसाठी ० ते ७० अंशांचे साधे मॉड्यूल पुरत नाही. तिथे उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअसचे औद्योगिक मॉड्यूल लागते.

देखभाल : बहुतेक मॉड्यूल आपले तापमान, व्होल्टेज, लेसरचा प्रवाह, सोडलेली आणि मिळालेली शक्ती स्विचला कळवतात. शक्ती तेवढीच राहून लेसरचा प्रवाह महिनोन्महिने चढत असेल, तर लेसर म्हातारा झाला असे समजावे. मिळालेली शक्ती हळूहळू घटत असेल, तर बहुधा दोष मॉड्यूलचा नसतो, घाणीचा असतो. ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर धुळीचा एक कण म्हणजे दारात पडलेला धोंडा. म्हणून रिकाम्या तोंडाला टोपी हवी आणि कनेक्टर जोडण्यापूर्वी दर वेळी पुसायला हवा. हिरव्या तोंडाच्या कनेक्टरची टोकाची काच ८ अंशांनी तिरकी घासलेली असते. तो निळ्या, सरळ टोकाच्या कनेक्टरला जोडला की दोघांत फट राहते आणि प्रकाश सांडतो. तंतूचे टोक डोळ्यांसमोर धरून ‘उजेड येतो का’ पाहू नये : या तरंगलांबी अवरक्त आहेत, लेसर चालू असला तरी काहीच दिसणार नाही, पण डोळ्याला इजा होऊ शकते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ८५० चा उजेड कधीकधी दिसतो. १३१० आणि १५५० चा दिसत नाही, कारण सिलिकॉनला तो टिपताच येत नाही.

नव्या जोडणीत मिळालेली शक्ती उणे ४० च्या आसपास दिसली, तर तिथे प्रकाशच पोचत नाही. मॉड्यूल बदलायला धावण्यापूर्वी एका टोकाच्या कनेक्टरमधले दोन तंतू आपसांत बदलून पाहावेत. पाठवणारा पाठवणाऱ्याला जोडला गेल्याचे बऱ्याचदा तिथेच उघड होते.