रिसायकलिंग ठरतं ते डब्याच्या तोंडाशी

दहा-पंधरा माणसांच्या कार्यालयात रिसायकलिंग सुरू करायचं ठरलं की रंगीत डबे येतात आणि भिंतीवर एक सूचना लागते. महिन्याभराने डबा उघडला तर आत चांगल्या कागदावर कॉफीचे कप उपडे झालेले असतात. मग माणसांना सवयच नाही, असा निष्कर्ष निघतो. मला तो पटत नाही. काय कुठे टाकायचं हे माणूस एखाद्या सेकंदात ठरवतो, आणि त्या सेकंदात त्याला सूचनेपेक्षा समोरचा डबाच जास्त सांगत असतो.

अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी फार मोलाचा आहे. त्यांनी डब्यांची फक्त झाकणं बदलून पाहिली. बाटल्या आणि कॅनसाठी गोल भोक, कागदासाठी चपटी फट. एवढ्याने योग्य डब्यात पडणाऱ्या बाटल्या-कॅनचं प्रमाण 34 टक्क्यांनी वाढलं आणि चुकीच्या वस्तू 95 टक्क्यांनी घटल्या. फट दिसली की कप घेतलेला हात आपोआप थांबतो.

2013 मधलं रेमी ट्रुडेल आणि जेनिफर आर्गो या ग्राहक-वर्तनाच्या अभ्यासकांचं संशोधनही असंच डोळे उघडणारं आहे. अख्खा कागद लोक रिसायकलिंगच्या डब्यात टाकतात, पण त्याच कागदाचे तुकडे झाले की ते कचऱ्यात जातात. चेपलेल्या कॅनचंही तेच होतं. वस्तूचा आकार बिघडला की ती आपल्याला निरुपयोगी वाटू लागते. चेपलेल्या कॅनमधलं ॲल्युमिनियम मात्र जसंच्या तसं असतं, आणि ते वितळवून पुन्हा वापरायला खनिजापासून नवीन धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के कमी ऊर्जा लागते.

कागद एवढा सोशीक नसतो. तो म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. रिसायकलिंगमध्ये कागद पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात, आणि तो वाळताना तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या हलक्या आकर्षणाने, पुन्हा धरतात. तंतूंवर तेल बसलं की ही पकड नीट बसत नाही. म्हणून तेलकट पुठ्ठा वेगळाच ठेवायचा. शिवाय प्रत्येक फेरीत तंतू आखूड होत जातात, त्यामुळे साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांचा कागद होत नाही. प्रिंटरचा पांढरा कागद चांगल्या तंतूंचा असतो. छोट्या कार्यालयाला एकच गोष्ट नीट जमणार असेल, तर हा कागद कोरडा आणि वेगळा ठेवावा.

त्यात सर्रास मिसळते ती बिलाची गुळगुळीत पावती. तिच्यावर नखाने जोरात रेघ ओढून पाहा, काळी खूण उमटेल. या कागदावर शाई नसते. उष्णतेने रंग धरणाऱ्या रसायनांचा लेप असतो, आणि त्यात बऱ्याचदा बिस्फेनॉल गटातली, शरीराला अपायकारक ठरू शकणारी द्रव्यं असतात. पावती लगद्यात गेली की तिच्यातली रसायनं नव्या कागदात उतरतात. पावत्यांची जागा साध्या कचऱ्यात. कागदी कपाला आतून पॉलिथीनचं पातळ अस्तर असतं, ते नेहमीच्या लगदा प्रक्रियेत सहज सुटत नाही. कपही कागदाच्या डब्यात नको.

प्लॅस्टिकवरच्या त्रिकोणातल्या आकड्याने बरीच फसगत होते. तो ते कुठल्या प्रकारचं प्लॅस्टिक आहे एवढंच सांगतो, जसं 1 म्हणजे पेट (PET, पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक), 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते कोणी घेईलच याची हमी त्यात नाही. काळ्या ट्रेमधला कार्बनचा रंग अवरक्त किरण शोषून घेतो, त्यामुळे वर्गीकरण यंत्रांच्या संवेदकांना तो ट्रे ओळखताच येत नाही. म्हणून डबे आणण्याआधी माल उचलणाऱ्याला विचारावं की तो काय काय घेतो. चार वस्तू घेत असेल तर चारच गोळा कराव्यात. ‘बहुतेक चालेल’ म्हणून टाकलेली पाचवी वस्तू त्या चारांनाही खराब करू शकते.

लिथियमच्या बॅटऱ्या तर कुठल्याच डब्यात नकोत. यंत्रात चिरडल्या की त्या पेट घेतात. त्यांची टोकं चिकटपट्टीने झाकून त्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्राकडेच द्याव्यात.

यानंतर उरते ती मांडणी. रिसायकलिंगचा आणि साध्या कचऱ्याचा डबा नेहमी शेजारी-शेजारी हवेत. एकटा डबा दिसला की सगळं त्यातच जातं, म्हणून टेबलाखालची सुटी टोपली काढून टाकावी. कागदाचा डबा प्रिंटरला खेटून ठेवावा, कारण वाया गेलेली पानं तिथेच हातात येतात. आणि दर आठवड्याला कोणीतरी हातमोजे घालून पिशवी उघडून पाहावी. तीच चूक पुन्हा दिसली तर आणखी एक सूचना छापत बसू नये. झाकण बदलावं, डबा हलवावा, किंवा ती वस्तूच धुऊन, वाळवून तिच्या योग्य डब्यावर चिकटवून टाकावी.