औषधाची गोळी लागू पडली, तरी बाई खचलेली

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचा एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी खास दवाखाना आहे. तिथले डॉक्टर एडवर्ड मॅक्टिंगर यांना एक कोडं छळत होतं. एचआयव्हीवरच्या गोळ्या चोख काम करत होत्या, कितीतरी जणींच्या रक्तात विषाणू चाचणीला सापडत नव्हता. तरीही बायका मरत होत्या: कुणी मारहाणीत, कुणी आत्महत्या करून, कुणी व्यसनापायी.

२०१२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. एचआयव्ही असलेल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांनी, सुमारे ५५ टक्क्यांनी, जोडीदाराची हिंसा सोसलेली होती. ३० टक्के स्त्रियांमध्ये आघातानंतरच्या मानसिक विकाराची लक्षणं होती. इतर स्त्रियांच्या तुलनेत हे प्रमाण पाचपट. त्यांच्याच आणखी एका, ११३ जणींच्या अभ्यासात, नुकताच आघात सोसलेल्यांमध्ये उपचार निष्फळ ठरण्याची शक्यता चौपटीहून अधिक दिसली.

असं का व्हावं? एचआयव्ही स्वतःची जनुकं आपल्या शरीरातल्या पेशींच्या डीएनएमध्ये गुंफून बसतो. गोळ्या त्याला नव्या प्रती काढू देत नाहीत, पण लपून बसलेल्याला उपटून काढत नाहीत. म्हणून गोळी रोजची. ती वारंवार चुकली की विषाणू पुन्हा वाढतो, वाढताना बदलतो, आणि कधी औषधाला दाद न देणारा वाण तयार होतो. गोळ्यांची बाटली घरात लपवावी लागणाऱ्या बाईची गोळी का चुकते, हे रक्ताच्या अहवालात मात्र उमटत नाही.

आणखी एक दुखरी गोष्ट. नियमित उपचारांनी विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. किती मोठा दिलासा! पण हा दिलासा जोडीदाराला द्यायचा तर आधी ‘मला एचआयव्ही आहे’ हे तोंडातून निघायला हवं.

इथे रंगकर्मी रोडेसा जोन्स आल्या. १९८९ पासून त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगातल्या स्त्रियांना घेऊन नाटक करत होत्या. त्या उपक्रमाचं नाव ‘मेडिया प्रोजेक्ट’, ग्रीक पुराणकथेतल्या मेडियावरून. मॅक्टिंगर यांनी त्यांना आपल्या रुग्णांसोबत काम करायला बोलावलं. पद्धत साधी वाटेल, पण सोपी अजिबात नाही. एक प्रश्न मिळायचा, त्याचं उत्तर वहीत लिहायचं आणि मग सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. त्या लिखाणातून, गाण्यांतून, हालचालींतून आणि जुन्या मिथकांतून प्रयोग उभा राहायचा. शेवटी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर बाई स्वतःची गोष्ट स्वतः सांगायची.

मला यातली तालीम सर्वात मोलाची वाटते. जे वाक्य घरात एकदाही उच्चारता आलं नाही, ते इथे मैत्रिणींच्या देखत पुन्हा पुन्हा म्हटलं जातं. आवाज चढवून पाहायचा, थांबून पाहायचं, रडू आलं तर रडून पुन्हा सुरुवात करायची. एरवी कुणीतरी आपलं गुपित फोडेल ही धास्ती असते. इथे ते कधी, कसं, किती सांगायचं हे तिच्या हाती येतं.

२०१५ साली या कामावरचा अभ्यास छापून आला. मुलाखती दिलेल्या स्त्रियांनी भगिनीभाव, मन मोकळं होणं, स्वतःचा स्वीकार, अधिक सुरक्षित नाती आणि स्वतःचा आवाज सापडणं याबद्दल सांगितलं. मुलाखती फक्त ८ जणींच्या होत्या आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे नाटकानं रक्तातला विषाणू कमी होतो, असं यावरून म्हणता येत नाही. पण गोळी जिथे पोहोचत नव्हती, तिथे काय दुखतंय हे त्या आठ जणींनी डॉक्टरांना स्वतःच्या शब्दांत सांगितलं.