छिटमहाल : फील्डवर्कला निघण्याआधी

सीमेवर फील्डवर्क करायचं ठरलं की पहिला आराखडा हमखास असा होतो : कुंपणाच्या अलीकडचं एक गाव, पलीकडचं एक गाव, दोन्हीकडे सहा-सहा महिने मुक्काम, मग तुलना. पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारला, म्हणजे बांगलादेश सीमेवरच्या जुन्या संस्थानाच्या मुलखात, हा आराखडा कोलमडतो. 2015 पर्यंत तिथे भारताचे 111 तुकडे बांगलादेशाच्या पोटात होते आणि बांगलादेशाचे 51 तुकडे भारताच्या पोटात. हेच छिटमहाल. छिट म्हणजे तुकडा, आणि महाल राजवाड्यातला नव्हे, आपल्या महालकऱ्याचा, महसुलाचा.

कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा मुघल फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावत, ही कथा तिथे गेल्यावर ऐकावी लागतेच. वहीत जरूर टिपावी, पुरावा म्हणून वापरू नये. खरं कारण रुक्ष आहे. 1713 च्या मुघल-कूचबिहार तहानंतर ज्याच्या ताब्यात जी जमीन होती ती त्याच्याकडेच राहिली. सारा कुणाकडे भरायचा, एवढाच काय तो फरक. 1947 मध्ये फाळणीची रेषा आली, 1949 मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, आणि साऱ्याचा हिशेब एकदम राष्ट्राचा झाला. तरी खरी कोंडी ऑक्टोबर 1952 ची. भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्यात पासपोर्ट-व्हिसा सुरू झाला. आता छिटमहालातल्या माणसाला व्हिसासाठी पासपोर्ट हवा, पासपोर्टसाठी स्वतःच्या देशातलं कार्यालय गाठायला हवं, आणि तिथे पोचायला दुसऱ्या देशाची जमीन विनापरवाना तुडवायला हवी. घराबाहेर पडणं हाच गुन्हा.

तुकड्यांची अदलाबदल करायची हे भारत-पाकिस्तानच्या 1958 च्या नेहरू-नून करारातच ठरलं होतं. पण घटनादुरुस्तीशिवाय भारताचा प्रदेश परदेशाला देता येणार नाही, असं 1960 मध्ये बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. 1974 चा इंदिरा-मुजीब करार बांगलादेशाने त्याच वर्षी मंजूर केला. आपल्याकडची 100 वी घटनादुरुस्ती व्हायला 2015 उजाडलं. 17,160 एकर देऊन 7,110 एकर घ्यायचे होते. ‘जमीन चालली’ ही ओरड कुठल्याही पक्षाला सोयीची होती, मग ती जमीन आपल्या किती खासदारांनी पाहिली होती हा प्रश्न वेगळा.

चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात, त्यामुळे काही गावांत दोन्हीकडची रेशनकार्डं असतात. छिटमहालात उलटं. ना पोलीस, ना शाळा, ना वीज. मुलाला शेजारच्या शाळेत घालायचं तर कागदावर दुसऱ्याच कुणाला तरी बाप करावं लागे. बाळंतपणाला दवाखान्यात नेलेल्या बाईच्या नवऱ्याचं नावही उसनं असे. राज्यसत्ता नसते तेव्हा माणूस मोकळा होतो, असं मानणाऱ्या अभ्यासकाने हे कागद आधी पाहावेत.

31 जुलै 2015 च्या मध्यरात्री सगळं बदललं : तुकडा ज्या देशाच्या पोटात होता त्या देशाचा झाला, आणि कुठल्या देशाचं नागरिक व्हायचं हे तिथल्या माणसांनी निवडायचं होतं. आधार होता 2011 च्या संयुक्त शिरगणतीचा : बांगलादेशातल्या भारतीय छिटमहालांत 37,334 माणसं, भारतातल्या बांगलादेशी छिटमहालांत 14,215. भारतातल्या एकानेही बांगलादेश निवडला नाही. तिकडून हजाराच्या आत माणसं इकडे आली आणि दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबाडीच्या छावण्यांत राहिली. दहग्राम-अंगारपोता हा भारताच्या पोटातला बांगलादेशी तुकडा मात्र तीन बिघा कॉरिडॉरच्या, म्हणजे भारतीय जमिनीतून जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेच्या, आधाराने बांगलादेशाकडेच राहिला.

आज आराखडा आखणाऱ्याची अडचण अशी की ज्या सीमेसाठी जायचं ती बहुतेक ठिकाणी शेताच्या बांधाइतकीही दिसत नाही. तिचा माग जमिनीच्या दस्तांत काढावा लागतो, छावणीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या कुटुंबांत काढावा लागतो, मागे राहिलेल्या भावांत काढावा लागतो, म्हणजे व्हिसा दोन्हीकडचा विचारात घ्यावा लागतो. आणि 2011 ची ती यादी. शिरगणतीच्या वेळी कामासाठी बाहेर गेलेल्या कित्येकांची नावं तीत लागलीच नाहीत. ती माणसं कुठल्याही दप्तरात सापडणार नाहीत. त्यांची चौकशी चहाच्या टपरीवर बसूनच करावी लागेल.