लिपी रशियन, म्हणून भाषाही रशियन?

'कझाक ही रशियनचीच एक बोली. ती रशियन लिपीत तर लिहितात!' हा समज बराच जुना आहे. कझाकस्तानच्या शहरांत रशियन सर्रास ऐकू येते, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच.

पण लिपी म्हणजे भाषा नव्हे. कझाक आधी अरबी लिपीत लिहीत, 1929 पासून रोमनमध्ये आणि 1940 पासून सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्या लिपीत. भाषा तीच राहिली. मोडी गेली म्हणून मराठी बदलली का?

पडताळा सोपा आहे, आकडे मोजून पाहा. रशियन: अदीन, द्वा, त्री. कझाक: बिर, येकी, उश. तुर्की: बिर, इकी, उच. म्हणजे कझाक तुर्कीची नातलग. 'द्वा, त्री' मात्र आपल्या 'दोन, तीन'च्या गोत्रातले! रशियन कझाकपेक्षा मराठीला जवळची, हे ऐकून मीही चमकलो होतो.

व्याकरणही वेगळं. 'किताप' म्हणजे पुस्तक, 'किताप्तार' पुस्तकं, 'किताप्तारिमिझ' आमची पुस्तकं, 'किताप्तारिमिझ्दा' आमच्या पुस्तकांत. प्रत्ययाला प्रत्यय जोडत जायचं. कझाकमध्ये लिंगभेद नाही, रशियनमध्ये तीन लिंगं.

सोव्हिएत काळात शिक्षण-नोकरीत रशियनचं वजन वाढलं, शहरी कझाक घरांतही ती शिरली. 1989 च्या भाषा कायद्याने कझाकला राज्यभाषेचा दर्जा दिला, तेव्हा सोव्हिएत संघ अजून फुटायचा होता.