द्वितीय अपील (दिवाणी)

दिवाणी दाव्यात पहिल्या अपिलाचा निकाल लागल्यावर त्या हुकूमनाम्याविरुद्ध (न्यायालयाच्या औपचारिक निर्णयाविरुद्ध) उच्च न्यायालयात करावयाचे अपील. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील कलम 100 ते 103 आणि आदेश 42 मध्ये याच्या तरतुदी आहेत. मुदत 90 दिवस. इंदूरच्या दिवाणी न्यायाधीशांनी निकाली काढलेला दावा जिल्हा न्यायालयातून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे येतो, तो या मार्गाने.

याचा उगम ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील सदर अदालतींच्या (कंपनीच्या वरिष्ठ न्यायालयांच्या) विशेष अपिलात मानतात. 1859 च्या संहितेतही ‘विशेष अपील’च होते, आजचे नाव 1877 च्या संहितेपासून रूढ झालेले दिसते. तथ्यांची फेरतपासणी येथे होत नाही, हा दंडक जुनाच आहे. खालच्या न्यायालयाचा तथ्याविषयीचा निष्कर्ष कितीही ढोबळ चुकीचा असला तरी तेवढ्यावर द्वितीय अपील चालत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) 1890 मध्ये दुर्गा चौधराणी प्रकरणी सांगितले. तरीही अपिले साचत गेली. विधी आयोगाच्या 54 व्या अहवालानंतर 1976 ची दुरुस्ती झाली आणि कायद्याचा ‘सारभूत प्रश्न’ असल्याशिवाय अपील दाखल करून घ्यायचे नाही, असे ठरले.

सारभूत म्हणजे काय, याबाबत पूर्वी उच्च न्यायालयांत मतभेद होते. मुंबईचे मत संकुचित होते. मद्रासच्या पूर्णपीठाचे (अनेक न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाचे, 1951) तुलनेने व्यापक. चुनीलाल मेहता प्रकरणात (1962) सर्वोच्च न्यायालयाने मद्रासकडे कल दिला आणि तोच अधिक ग्राह्य वाटतो. प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असावा किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट परिणाम करणारा असावा. शिवाय तो अनिर्णित किंवा वादास जागा असलेला असावा. तत्त्व ठरलेले असून केवळ ते लागू करायचे असेल, तर प्रश्न सारभूत नव्हे. हा निर्णय वस्तुतः संविधानाच्या अनुच्छेद 133 खालचा, म्हणजे उच्च न्यायालयाकडून सर्वोच्च न्यायालयाकडे होणाऱ्या दिवाणी अपिलाबाबतचा. कलम 100 ला ही कसोटी पुढे लावली गेली.

दस्तऐवजांच्या बाबतीत हा भेद फार नाजूक होतो. होळकरशाहीतील एखादी मोडी सनद किंवा वाटणीपत्र वादाच्या मुळाशी असले, तर ज्या दस्तावर हक्कच उभा आहे त्याचा अर्थ लावणे हा कायद्याचा प्रश्न ठरतो. तेच कागद वहिवाटीचा नुसता पुरावा म्हणून आले असतील, तर त्यांवरून काढलेला निष्कर्ष सामान्यतः तथ्याचाच. घराच्या वाटणीत दोन्ही न्यायालयांत हरलेल्या पक्षकाराने वकिलाला प्रथम विचारावे ते हेच.

सारभूत प्रश्न अपीलपत्रात नेमका मांडावा लागतो. न्यायालयाला तो पटला तर ते स्वतः प्रश्न निश्चित करते व सुनावणी त्यापुरतीच होते. असा प्रश्न उद्भवतच नाही, असे प्रतिपक्ष तेव्हाही म्हणू शकतो. कारणे नोंदवून न्यायालय दुसरा प्रश्नही विचारात घेऊ शकते. प्रश्न न ठरवता फिरवलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा रद्द करून प्रकरण परत पाठवले आहे. नुसते अपील केल्याने खालच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

मध्य भारत राज्यात (1948–56) उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ ग्वाल्हेरला व खंडपीठ इंदूरला होते. 1 नोव्हेंबर 1956 पासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आहे. 1908 ची संहिता या प्रदेशास 1 एप्रिल 1951 पासून लागू झाली.

केवळ पैशांच्या वसुलीचा, 25,000 रुपयांपर्यंतचा दावा असल्यास द्वितीय अपील नाही (कलम 102). एकल न्यायाधीशाने दिलेल्या निकालावर त्याच उच्च न्यायालयात पुढे अपील नाही (कलम 100-क). सर्वोच्च न्यायालयाकडे अनुच्छेद 136 खाली विशेष अनुमती मागता येते.