दुर्बिणीतून फायब्रॉइड काढताना रक्ताची तयारी का ठेवतात?

नाशिकमध्ये दुर्बिणीतून फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी, कॅन्सर नसलेली गाठ) काढायची तारीख ठरली, की नातेवाइकांच्या हातात बहुतेक वेळा रक्तपेढीची चिठ्ठी येते : रुग्णाचा नमुना, रक्तगट, ‘क्रॉसमॅच करून एक पिशवी राखून ठेवणे’ (म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते तपासून). घरचे धास्तावतात. चार बारीक भोकांच्या ऑपरेशनला रक्त कशाला? प्रश्न रास्त आहे. दुर्बिणीमुळे पोटावरची जखम लहान झाली, गर्भाशयावरची नाही. गाठ ज्या भिंतीत रुतलेली असते ती भिंत तेवढीच चिरावी लागते आणि तिचा रक्तपुरवठाही तोच राहतो.

गर्भाशय राखून फक्त गाठ काढायची कल्पना १८४० च्या दशकातली, अमेरिकेतल्या अ‍ॅटली बंधूंची. तरी पुढे कित्येक दशकं डॉक्टर अख्खं गर्भाशय काढणंच पसंत करत. कारण साधं होतं. गर्भाशय काढताना दोन्ही बाजूंच्या गर्भाशय-धमन्या बांधून टाकता येतात. फक्त गाठ काढायची तर त्या चालू ठेवाव्या लागतात आणि वाहत्या रक्तातच काम करावं लागतं. लंडनचे व्हिक्टर बॉनी यांनी यावर खास चिमटा बनवला. तो गर्भाशयाच्या खालच्या भागाला बाहेरून आवळून धमन्या तात्पुरत्या दाबून धरतो. गाठ काढून टाके घातले की चिमटा सोडायचा. बॉनींच्या स्वतःच्या पत्नीचं गर्भाशय फायब्रॉइडमुळे काढावं लागलं होतं, त्यामुळे हा प्रश्न त्यांना किती जवळचा होता ते समजतं.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या कील इथे कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून गाठी काढायला सुरुवात केली, तेव्हा बॉनींचा चिमटा निरुपयोगी ठरला. ५ ते १० मिलिमीटरच्या नळीतून तो आत जाणार कसा? मग चिमट्याचं काम औषधाकडे आलं. रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या व्हॅसोप्रेसिनची २० युनिटची अँप्यूल २०० मिलि सलाईनमध्ये मिसळतात आणि लांब सुईने गाठीभोवतीच्या स्नायूत थोडं थोडं टोचतात. जागा डोळ्यांदेखत पांढरी पडते. प्रत्येक वेळी टोचण्याआधी पिस्टन मागे ओढून रक्त येतं का ते पाहायचं, कारण औषध थेट रक्तवाहिनीत गेलं तर रक्तदाब एकदम चढतो, नाडी मंदावते, क्वचित हृदयही थांबतं. म्हणून ‘आता टोचतोय’ हे भूलतज्ज्ञांना आधी मोठ्याने सांगायचं असतं. असर साधारण अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो, तोवर टाके पूर्ण व्हायला हवेत.

सर्वाधिक रक्त जातं ते चुकीच्या थरात शिरल्यावर. गाठ आणि स्नायू यांच्यामध्ये एक सैल आवरण असतं. मोत्यासारखी पांढरी गाठ दिसेपर्यंत चीर खोल न्यायची आणि गाठ स्क्रूने ओढून धरत त्याच थरातून सोडवायची. चीर उथळ राहिली तर आवरणातल्या वाहिन्या फाटतात. आणि फायब्रॉइड समजून उघडलेला भाग अ‍ॅडेनोमायोसिस (गर्भाशयाचं अस्तर स्नायूतच पसरणं) निघाला, तर तिथे थरच सापडत नाही, नुसतं रक्त येत राहतं. अशा वेळी कॉटरीने जाळत सुटण्याचा मोह होतो, पण जळालेली भिंत नीट भरत नाही आणि पुढच्या गरोदरपणात फाटण्याची भीती राहते. इथे रक्त थांबवायचं ते टाक्यांनीच. काटेरी धाग्याने हे काम फार सोपं केलं. प्रत्येक टाक्याला गाठ मारावी लागत नाही, त्यामुळे वेळ वाचतो.

दुर्बिणीसाठी पोटात भरलेला वायू १२-१५ मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबाने बारीक शिरा दाबून ठेवतो. म्हणून शेवटी दाब उतरवून, दोन-चार मिनिटं थांबून पुन्हा पाहायचं. किती रक्त गेलं ते मोजताना, सक्शनने ओढून बरणीत जमलेलं सगळं रक्त नसतं, धुतलेलं पाणी त्यातून वजा करायला हवं.

मात्र रक्त चढवावं लागेल की नाही, हे बऱ्याचदा टेबलावर नाही, महिनाभर आधीच ठरलेलं असतं. ५० किलोच्या बाईच्या अंगात सुमारे सव्वातीन लिटर रक्त असतं. त्यातलं अर्धा लिटर गेलं, तर १२ चं हिमोग्लोबिन १० च्या आसपास येतं, ती सावरते. पण आठवरून सुरुवात केलेली सातच्या खाली जाते. कॅनडातल्या अतिदक्षता विभागांतल्या १९९९ च्या अभ्यासानंतर सात ही रक्त चढवण्याची सर्वसाधारण रेषा मानली जाते, अर्थात धाप, छातीत दुखणं किंवा चालू रक्तस्राव असेल तर ती वर सरकते. सुरगाणा, पेठ, इगतपुरीहून येणाऱ्या कित्येक बायका महिनोन्‌महिने अंगावर जास्त जात असूनही काम ओढत असतात. त्यांची तारीख घाईने देऊ नये. शिरेतून लोह (वजनानुसार, फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज असेल तर एका वेळी जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम) आणि दोन-तीन आठवड्यांची उसंत यांतून बरंच साधतं. पाळी तात्पुरती थांबवणारी ल्युप्रोलाइडची मासिक इंजेक्शनंही उपयोगी, फक्त त्यांनी गाठीभोवतीचा थर पुसट होतो. आदिवासी भागातल्या रुग्णाची सिकलसेल तपासणी याच वेळी उरकावी.

चिठ्ठीवर रक्ताची एक पिशवी लिहिलेली असते, ती बहुधा राखीवच राहते. खबरदारी आणखी एका ठिकाणी हवी : ऑपरेशननंतर लगेच केलेलं हिमोग्लोबिन खोटा दिलासा देतं, आतून रक्त जात असलं तरी आकडा काही तास उतरत नाही. त्याआधी नाडी शंभराच्या वर जाते, लघवी कमी होते, पोट ताणल्यासारखं होतं.